पांढरी सोडण्याआधी

गेल्या भाऊबीजेला ओवाळून झालं आणि ताटं उचलायच्या आधीच धाकट्या भावाने विषय काढला. "अक्का, गावातलं घर पडायला आलंय. आपण सगळे मळ्यात. चुलतभावाला जागा हवीय, देऊन टाकू. आणि वडूजच्या रस्त्याला लागून असलेले वीस गुंठे बिनशेती करून घेऊ." त्याच्या बोलण्यात घाई होती, आणि घाईला कारणही होतं. पुतणीच्या कॉलेजची फी भरायची होती. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पुतणीचीच एक शंभर पानी वही मागून घेतली आणि पहिल्या पानावर 'आधी काय काय बघायचं' एवढंच लिहिलं. पुढचे चार महिने ती वही भरत गेली. आमच्यासारखी वेळ ज्यांच्यावर आली आहे त्यांच्यासाठी त्यातलं इथे मांडते.

जुनी माणसं गावच्या जमिनीचे दोनच भाग सांगत, काळी आणि पांढरी. काळी कसायची, पांढरी राहायची. आमच्या बोलण्यात पांढरी सोडणं आणि काळीची पांढरी करणं हे दोन्ही एकाच दमात आलं होतं. बहुतेक घरांत तसंच येतं, कारण दोन्हींच्या मागे पैशाची एकच नड असते. म्हणून पहिलं काम हे की हे दोन निर्णय दोन वेगळ्या पानांवर लिहा. गावठाणातली, म्हणजे गावच्या वस्तीतली, जागा एकदा गेली की त्या गावात पुन्हा तशी मिळणं कठीण, कारण गावठाणाची हद्द ठरलेली असते आणि ती ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा. शेत बिनशेती केलं तर जमीन आपलीच राहते, पण तिच्यासोबतचे हक्क बदलतात, कर बदलतो आणि गिऱ्हाईकही बदलतं. एकाचा विचार दुसऱ्याच्या ओघात करू नका.

कागद काढायला धावण्याआधी माणसं काढा. आमच्या वहीत दुसऱ्या पानावर वंशावळ आहे, पणजोबांपासूनची, आणि तिच्यात लेकींची नावं आहेत. हे मुद्दाम सांगते, कारण भावाने आधी काढलेल्या कागदावर फक्त पुरुषांची नावं होती. त्याच्या मनात खोट नव्हती, त्याला तशीच सवय होती. आजोबा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वारले असतील तर त्यांच्या वाट्यात आत्यांचाही हिस्सा येतो. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर मिळाला. महाराष्ट्राने त्याआधी १९९४ मध्येच तशी दुरुस्ती केली होती, पण ती त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींपुरती होती. 'वडील २००५ च्या आधी वारले, मग बहिणीचा काय संबंध' असं आजही चावडीवर ऐकायला मिळतं. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात तो प्रश्न मिटवला आहे. ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर नोंदणी होऊन वाटप झालेलं असेल तर मात्र ते उकरता येत नाही. म्हणून जुनं वाटपपत्र घरात आहे का, आणि ते नोंदवलेलं आहे की नुसतं स्टॅम्पवर लिहून पंचांच्या सह्या घेतलेलं आहे, हे ट्रंकेतून काढून बघा.

इथे थोडं थांबते, कारण मला स्वतःला हे लागलेलं आहे. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला वडिलांनी एका कागदावर सही करायला बोलावलं होतं. तो काय आहे हे कुणी वाचून दाखवलं नाही, मीही विचारलं नाही. माहेर तुटू नये म्हणून बहिणी सही करतात, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही. तेव्हा तुमच्या यादीत हे ठळक लिहा की हक्कसोडपत्र सही करणारीला पूर्ण वाचून दाखवायचं. आधीच्या दिवशी, घरी, चहा पीत; दुय्यम निबंधकाच्या ओट्यावर रांगेत उभं असताना नव्हे. ते नोंदणीकृतच असावं लागतं. नोटरीपुढे केलेल्या कागदाने स्थावर मिळकतीतला हक्क सुटत नाही. एकदा नोंदलं की मन बदललं म्हणून ते मागे घेता येत नाही. आणि आमच्या भावाला माहीत नसलेली गोष्ट अशी की थोडक्या मुद्रांकावर होणारं हक्कसोडपत्र हे भाऊ, बहीण, आईवडील, मुलं अशा जवळच्या रक्तात वडिलोपार्जित मिळकतीसाठी असतं. चुलतभावाला 'हक्क सोडला' म्हणून ती सवलत मिळत नाही. तिथे खरेदीखतासारखा पूर्ण मुद्रांक धरला जातो. आपसात आहे, कमी खर्चात उरकू, असं गृहीत धरून आकडा मांडू नका.

आता पांढरीचे कागद. पहिला गोंधळ 'आठ'चा. ग्रामपंचायतीचा नमुना आठ ही घरपट्टीची कर आकारणी नोंद; तलाठ्याकडचा आठ-अ हा शेतजमिनीचा खातेउतारा. दोन्ही काढा, पण गावठाणातल्या घरासाठी लोक नमुना आठलाच मालकीचा दाखला समजतात, तसं नाही. तो कर कुणाकडून घ्यायचा एवढंच सांगतो. मालकीसाठी प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे मिळकत पत्रिका, आणि सनद, म्हणजे सरकारने दिलेलं हक्कपत्र, बघावी लागते. आपल्या बहुसंख्य गावठाणांना ही पूर्वी नव्हतीच. पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात सोनोरी गावी ड्रोनने गावठाण मोजायचा प्रयोग झाला, पुढे राज्याने २०१९ मध्ये ते काम सगळीकडे घ्यायचं ठरवलं, आणि २४ एप्रिल २०२० ला याच कामाची केंद्राची स्वामित्व योजना आली. तुमच्या गावची मोजणी झाली असेल तर कार्ड काढून आणा आणि त्यावरचं क्षेत्र टेप घेऊन जागेवर ताडून बघा.

हे ताडणं जीव लावून करा. मोजणीआधी गावात प्रत्येक जागेच्या कडेने चुन्याच्या रेषा मारतात, मग ड्रोन उडतं. रेषा मारताना जो जागेवर हजर असतो त्याची हद्द नीट पडते. आम्ही त्या दिवशी कुणीच गावात नव्हतो. नोटीस पडक्या घराच्या दाराला लावली होती म्हणे, आम्हाला ती दिसली नाही. परिणाम असा की मागचं परडं, जिथे आजी कडीपत्ता आणि शेवगा लावायची, ते आमच्या कार्डात अर्धंच आलं. उरलेलं शेजारच्या नावात गेलं. दुरुस्तीसाठी भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करावा लागतो, आणि सोबत घरपट्टीच्या जुन्या पावत्या, शेजाऱ्यांचे जबाब, जुना फोटो असं जे हाती लागेल ते जोडावं लागतं. आमच्या कामी आला तो काकाच्या लग्नाचा फोटो. मांडव परड्यात पडला होता आणि मागे आमची भिंत स्पष्ट दिसते. तेव्हा जुने अल्बम कागदपत्रांत धरा. चुकीच्या क्षेत्रावर व्यवहार करून मोकळं होऊ नका; चुलतभावाला दिलेली जागा कागदावर कमी भरली तर ते भांडण आयुष्यभर पुरतं.

कार्डावर न दिसणाऱ्या गोष्टी जागेवर उभं राहून लिहून काढाव्या लागतात. सामाईक भिंत कोणती, पन्हाळीचं पाणी कुणाच्या अंगणात पडतं, आडाकडे जायची बोळ कुणाच्या जागेतून जाते, मागच्या घराची बैलगाडी कुठून वळायची. वीस वर्षांहून जास्त चालत आलेल्या वाटेवर वहिवाटीचा हक्क लागू शकतो, मग तुम्ही जागा विकली तरी ती वाट घेणाऱ्याला मोकळी ठेवावी लागते. ते आधी सांगणं हा प्रामाणिकपणाही आहे आणि पुढचा दावा टाळायचा उपायही.

जागा तुम्हाला कशी मिळाली तेही बघा. वाडवडिलांची असेल तर एक गोष्ट. सरकारने बेघर म्हणून दिलेला भूखंड असेल, किंवा कोयनेसारख्या धरणातून उठलेल्यांच्या पुनर्वसित गावठाणातला प्लॉट असेल, तर कब्जेहक्काच्या अटी असतात, भोगवटादार वर्ग दोनची नोंद असते आणि परवानगीशिवाय केलेलं हस्तांतर शर्तभंग ठरतं. असे प्लॉट नोटरीवर हातोहात फिरलेले मी पाहिलेत. घेणारा आणि देणारा दोघंही पुढे अडकतात.

मग एक प्रश्न जो कुठल्याच कार्यालयात कुणी विचारत नाही. ही जागा गेली तर गावात आपलं काय उरतं? आमची यादी अशी निघाली. मतदारयादीतला पत्ता त्या घराचा. वीजमीटर अजून वडिलांच्या नावाने. यात्रेत पालखी त्या दारापुढे थांबते आणि आई नारळ देते. भावाच्या दोन मुलांपैकी एकाला पुढे मळ्यातलं घर पुरलं नाही तर त्याला गावात बांधायला जागा हीच. घरकुलाचाही विचार करा. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात, पण घर बांधायला जागा स्वतःची लागते. जागा विकून बसलेल्या आणि नंतर घरकुल मंजूर झालेल्या माणसाची तारांबळ आमच्याच आळीत झाली. भूमिहीनांना जागा घ्यायला मदत देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना आहे, पण ती ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्यासाठी. असलेलं विकून तिच्या भरवशावर बसणं मला पटत नाही.

आता दुसऱ्या निर्णयाचं पान, रस्त्याकडचे वीस गुंठे.

सुरुवात सातबाऱ्यापासून. भोगवटादार वर्ग एक की दोन, इतर हक्कांच्या रकान्यात काय आहे, सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे का, कुळाची नोंद आहे का. आमच्या सातबाऱ्यावर २००३ साली फेडलेल्या पाइपलाइनच्या कर्जाचा बोजा अजून तसाच होता. बँकेचा बेबाकी दाखला काढून तो कमी करायलाच दीड महिना गेला. वारसनोंद राहिली असेल तर ती आधी. फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, पडला की हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, आणि भावकीतल्या कुणी हरकत घेतली तर नोंद तक्रारीत जाऊन सुनावणी लागते. त्यामुळे वारसनोंदीचं काम व्यवहार ठरवल्यानंतर नव्हे, खूप आधी उरका. कुळकायद्यात मिळालेली जमीन असेल तर कलम ४३ ची, म्हणजे परवानगीशिवाय न विकण्याची, अट लागते. २०१४ पासून, खरेदी प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर शेतसाऱ्याच्या आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून ती अट सुटते.

यानंतर गट नकाशा घ्या आणि जमीन गावठाणाच्या हद्दीपासून किती लांब आहे ते बघा. दोनशे मीटरच्या आत असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड प्रमाणे ती राहण्याच्या वापरासाठी मानीव, म्हणजे आपोआप, बिनशेती धरली जात आली आहे आणि ठरलेले पैसे भरून काम होत आलं आहे, स्वतंत्र परवानगीचा लांबचा फेरा न पडता. त्याबाहेर असेल तर प्रादेशिक योजनेत तिचा झोन कोणता हे नगररचना विभागाकडून लेखी घ्या. शेतकी झोनमधल्या जमिनीला 'एनए (बिनशेती) करून देतो' म्हणून आगाऊ पैसे घेणारे एजंट तालुक्याच्या गावी बसलेलेच असतात. झोन दाखला हातात येईपर्यंत त्यांना एक रुपया देऊ नका. बिनशेतीचे नियम गेल्या दहा वर्षांत कितीदा तरी बदलले आहेत, म्हणून शेजारच्याने तीन वर्षांपूर्वी कसं केलं त्यावर न जाता, अर्जाच्या दिवशी लागू असलेला नियम तहसीलमध्ये विचारून वहीत तारखेसह लिहा.

मग स्वतःला विचारा की बिनशेती करायची कशासाठी. मुलासाठी घर बांधायचं असेल तर सगळे वीस गुंठे कशाला? लागेल तेवढ्याच क्षेत्राची मोजणी करून तेवढंच करा. शेती बघायला, औत-अवजारं ठेवायला, राखणीला राहायला शेतघर बांधायचं असेल तर त्यासाठी जमीन बिनशेती करावीच लागते असं नाही. क्षेत्राप्रमाणे बांधकामाच्या मर्यादा असतात तेवढ्या विचारून घ्या. आणि विकायचं असेल तर कोणत्या अवस्थेत विकायचं, हा या पानावरचा सगळ्यात महागडा प्रश्न आहे. ग्रामीण भागातली शेतजमीन शेतजमीन म्हणून विकली तर आयकरात ती भांडवली मालमत्ता धरत नाहीत, म्हणजे त्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर नाही. 'ग्रामीण' म्हणजे काय ते नगरपालिकेपासूनच्या अंतरावर ठरतं. वस्ती दहा हजारांवर पण एक लाखापर्यंत असेल तर दोन किलोमीटर, दहा लाखांपर्यंत सहा, त्यावर आठ. बिनशेती केली की ही सूट संपते. दर वाढून मिळतो हे खरं, पण वाढलेल्या दरातून कर, मोजणी, रस्ता, आराखडा यांचे पैसे वजा करून मगच तुलना करा. आम्ही बसून आकडे मांडले तेव्हा भावाला वाटलेल्या फायद्यातला बराच भाग उडाला.

प्लॉट पाडून विकायचा विचार असेल तर गुंठ्यांचा हिशोब आणखी बदलतो. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणून वीस गुंठ्यांत वीस प्लॉट निघतील असं वाटतं. निघत नाहीत. आतले रस्ते सोडायचे, मोठ्या आराखड्यात दहा टक्के खुली जागा सोडायची, हमरस्त्यापासूनचं अंतर सोडायचं. जे उरतं ते विकायचं. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेत प्लॉट पाडून विकायचे तर महारेराची, म्हणजे घर-प्लॉटांच्या विक्रीवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी लागते. जमीन तुमची आणि विकसक दुसरा, विक्रीतला वाटा तुम्हाला, असा करार असेल तर तुम्हीही त्या जबाबदारीत येता. विकसन करारासोबत कुलमुखत्यारपत्र मागतात. त्यात 'विकण्याचा अधिकार' हे शब्द आहेत का ते स्वतःच्या वकिलाकडून वाचून घ्या, समोरच्याने आणलेल्या वकिलाकडून नको.

आणि बिनशेती न करता गुंठा-दोन गुंठे शेतजमीन लिहून देणं, हा रस्ता सोपा दिसतो म्हणून कितीतरी जण त्यावर गेले. १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा करता येत नाही ते, वीस गुंठे, बागायतीचं दहा. अलीकडे काही भागांसाठी सवलती आल्या आहेत. तुमचा गट त्यात बसतो का हे कागदावर दाखवून घ्या. दहा जणांच्या नावाचा सामाईक सातबारा करून दिलेल्या जमिनीत पुढे दहा घरांची भांडणं राहतात, आणि मूळ मालक म्हणून प्रत्येक तारखेला तुम्हालाच जावं लागतं.

शेवटचा गुंठा कधी विकू नका, सगळी जमीन बिनशेतीही करू नका. हे मी भावाला निक्षून सांगितलं. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते, आणि शेतकरी असल्याचा पुरावा म्हणजे सातबारा. तो नावावरून गेला की पुढे पैसे असूनही शेत घेता येत नाही, मुलांनाही तो दाखला दाखवता येत नाही. पीएम किसानचे वर्षाला सहा हजार जातील ही त्यापुढे लहान गोष्ट.

पैसे हातात येणार असतील तर ते कुणाच्या खात्यात, किती, कधी, हे इसार घेण्याआधी ठरवा. वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला स्थावर व्यवहारात कायद्याची मनाई आहे, तेव्हा 'थोडे वरचे रोखीत' याला नाही म्हणा. आई हयात असेल तर तिच्या वाट्याचे तिच्याच खात्यात. आमच्या आईचं खातं निराधार योजनेचं समजून भाऊ ते वापरतच नव्हता. ते चालू करून घेतलं, केवायसी केली, आणि वहीत तिच्या नावापुढे वेगळा रकाना केला.

आता घरातल्या वस्तू. पडकं घर म्हणजे नुसती माती समजू नका. आमच्या सोप्याचे सागवानी खांब, तुळया, दाराची चौकट यांना जुन्या लाकडाचे व्यापारी दारात येऊन भाव करतात. खरेदीखतात 'घरासह जागा' लिहिलं तर ते सगळं घेणाऱ्याचं. काय काढून नेणार आणि काय ठेवणार ते आधी बोला, लिहा. जातं, उखळ, देव्हाऱ्याचा दगड, तुळशीवृंदावन. तुळस कुठे न्यायची ते आईला विचारा. जागा ताब्यात दिली की वीजमीटर, नळ, घरपट्टी यांची नावं महिनाभरात बदलून घ्या, नाहीतर थकबाकीची नोटीस तुमच्याच नावाने येत राहते.

वहीच्या शेवटच्या पानावरची नोंद आईची आहे. परवा आम्ही तिला घेऊन जागेवर गेलो होतो, टेप, कार्डाची प्रत आणि चुन्याची पिशवी घेऊन. चुलतभाऊही आला. भाऊ क्षेत्र मोजत होता, मी आकडे लिहीत होते. आई मधल्या खोलीत जाऊन उभी राहिली. वर आढं नाही, आत एरंड वाढलेला. काठीने जमीन ठोकत ठोकत ती एका जागी थांबली आणि म्हणाली, "इथं ज्वारीचं पेव आहे. बाहत्तरच्या दुष्काळानंतर भरलंच नाही, वर फरशी टाकून सारवून टाकलं. बांधकाम काढणाराला सांगा, माणूस आत जाईल." आमच्यापैकी कुणालाच ते माहीत नव्हतं, कुठल्या कागदावरही नव्हतं. चुलतभावाने चुना घेतला आणि तिने दाखवलं तिथे गोल काढला.